बोटीची केबिन आणि आपली दारं

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या सभागृहात सभासदांसमोर केलेलं भाषण. शेवटची प्रश्नोत्तरंही थोडक्यात दिली आहेत.)



समितीने मला सांगितलं, "काका, तुम्ही आयुष्यभर बोटींच्या आतलं लाकूडकाम केलंत, त्याच्याबद्दल बोला. वीस-पंचवीस मिनिटं बोला." मी हो म्हटलं. पण त्याच आठवड्यात नोटीस बोर्डावर दुसरा कागद लागला. पुढच्या सर्वसाधारण सभेत मुख्य दारं, चौकटी आणि या सभागृहातली कपाटं बदलायची का, हा विषय आहे. तेव्हा मी ठरवलं की बोटीबद्दलच बोलायचं, पण अशा रीतीने बोलायचं की सभेत हात वर करताना त्याचा उपयोग होईल.

आधी थोडं बोटीबद्दल. आपल्याला बोट म्हटलं की मचवा आठवतो, नाहीतर गेट वेवरून एलिफंटाला जाणारी लाँच. मी ज्या बोटींवर काम केलं त्या केबिनच्या. पंचवीस ते पस्तीस फूट लांब, बाहेरचं अंग फायबर ग्लासचं आणि आत एक छोटं घर. दोन-तीन बिछाने, गॅसची शेगडी, सिंक, संडास, टेबल, कपाटं. आपल्या वन-रूम-किचनच्याही निम्म्या जागेत हे सगळं बसवलेलं. यातल्या बऱ्याच बोटी वापरलेल्या घेतलेल्या असतात. नवी बोट फार महाग, म्हणून हौशी माणूस वीस-तीस वर्षांची जुनी बोट घेतो. बाहेरचा फायबर ग्लास धुऊन-घासून चकचकीत होतो. खरा प्रश्न आतल्या लाकडाचा असतो.

हे आतलं लाकूड अनेक बोटींत फिकट रंगाचं का असतं? केबिनमध्ये उजेड कमी. खिडक्या हातभर लांब आणि वीतभर उंच, छत डोक्याला लागेल इतकं खाली. तिथे गडद लाकूड लावलं तर माणसाला कोंडल्यासारखं होतं. म्हणून ॲश, ओक, मेपल अशी फिकट लाकडं वापरतात. जमिनीला सागाच्या गडद पट्ट्या आणि मध्ये हॉली नावाच्या जवळजवळ पांढऱ्या लाकडाच्या बारीक रेघा, ही तर जुनी रीत. अमेरिकेत नॅथॅनिएल हेरेशॉफ म्हणून बोटींचे फार मोठे रचनाकार होऊन गेले, १८४८ ते १९३८ हा त्यांचा काळ. त्यांच्या नावाने एक पद्धत ओळखली जाते. मोठे पृष्ठभाग पांढऱ्या रंगाचे आणि फक्त कडा, पट्ट्या, दांडे पॉलिश केलेल्या लाकडाचे. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आता आपल्या घरांकडे बघा. आपली सोसायटी झाली तेव्हा, म्हणजे २००० सालाच्या आसपास, मुंबईत फॅशन काय होती? स्टीम बीच, व्हाइट ॲश, मेपल! ज्यांनी तेव्हा फर्निचर केलं, त्यांच्या घरात आजही ते फिकट विनियर आहे. मुख्य दाराची चौकट सागाची, दार सागाच्या विनियरचं, त्यावर मेलामाइन पॉलिश. पंचवीस वर्षांत ते पिवळं पडलं, खालून काळं झालं, कुठे पांढरट डाग आले. खाडी जवळ, हवा खारट, चार महिने पाऊस. म्हणजे बोटीच्या केबिनला जे होतं तेच आपल्या दारांना झालेलं आहे, फक्त सावकाश.

एका बोटीचं उदाहरण सांगतो. साधारण तीस फुटी होती. दोघा भावांनी मिळून वापरलेली घेतली. आतल्या पडद्या, म्हणजे केबिन-केबिनमधल्या भिंती, ओकच्या विनियरच्या आणि बाजूंना ॲशच्या पट्ट्या. खिडक्यांखाली काळे ओघळ, टेबलावर पांढरी वर्तुळं, वार्निश मधासारखं पिवळं होऊन पापुद्रे सुटलेले. धाकटा भाऊ म्हणाला, "मिस्त्री, हे सगळं उपटा आणि सनमायका मारा." थोरले म्हणाले, "आधी बघा तरी, वाचतंय का." आम्ही थोरल्यांचं ऐकलं. तो पावसाळा आणि पुढचे दोन महिने त्या कामात गेले. ते काम ज्या क्रमाने केलं, तोच क्रम आज तुम्हाला सांगतो, कारण या कामात क्रम चुकला की पैसा आणि मेहनत दोन्ही पाण्यात.

पहिली गोष्ट, पाणी कुठून येतं ते शोधा. डाग हा आजार नाही, ते लक्षण आहे. बोटीत खिडकीखाली डाग दिसला म्हणून खिडकीच गळते असं नाही. वर डेकवर एखादा बोल्ट बसवलेला असतो, त्याच्या भोवतीचं सीलंट वाळून चिरतं, पाणी तिथून आत शिरतं आणि छताच्या आतून चार-पाच फूट सरकत भलतीकडेच टपकतं. आम्ही एक जण वर होजपाइप घेऊन आणि एक जण आत टॉर्च घेऊन, असं एक एक फूट तपासलं. सगळे बोल्ट काढून नव्या सीलंटने बसवले. त्याआधी पॉलिशचा डबा उघडलासुद्धा नाही. आपल्याकडे दाराची चौकट खालून कुजते ती बाथरूमच्या ओलीमुळे, नाहीतर जिन्याची फरशी धुताना रोज बादलीभर पाणी उंबऱ्याला लागतं त्यामुळे. ते थांबवलं नाही तर नवी चौकटही काही वर्षांत तशीच होईल.

दुसरी गोष्ट, काढता येईल ते काढा आणि नंबर घाला. केबिनमध्ये वाकून, कुबडं होऊन घासण्यापेक्षा कपाटांची दारं, पट्ट्या, खण काढून शेडमध्ये आणले. प्रत्येक तुकड्याच्या मागे पेन्सिलीने नंबर, प्रत्येकाचे स्क्रू वेगळ्या पिशवीत, पिशवीवर तोच नंबर. आजकाल मोबाईलने फोटो काढा, आणखी सोपं. सारख्या दिसणाऱ्या दोन दारांत एका दोऱ्याचा फरक असतो आणि बसवताना तोच नडतो.

तिसरी गोष्ट, धुणं. हे ऐकून लोक हसतात, पण निम्मं काम इथेच होतं. मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. ज्या लाकडावर खारट थर आहे ते कधी पुरतं सुकतच नाही. म्हणून गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने पुसायचं, मग अगदी सौम्य साबणाचं पाणी, पुन्हा साधं पाणी, लगेच कोरडं फडकं. स्वयंपाकघराजवळचा तेलकट थर टर्पेंटाइनने पुसायचा. त्या बोटीतल्या दोन पडद्या आम्ही नुसत्या धुतल्या आणि त्या इतक्या उजळल्या की पॉलिश काढायची गरजच उरली नाही. तुमच्या दाराचंही असंच असू शकतं. पंचवीस वर्षांच्या उदबत्तीचा धूर, फोडणीची वाफ आणि हातांचं तेल, हा सगळा रंग लाकडाचा नव्हे.

एक सावधगिरी. बाजारात फर्निचर चमकवणारे स्प्रे मिळतात, त्यांतल्या काहींत सिलिकॉन असतं. ते लाकडावर राहिलं तर नवीन पॉलिश त्या जागी फाकतं आणि माशाच्या डोळ्यासारखे गोल खड्डे पडतात. ज्यांना या वर्षी दारं करायची आहेत त्यांनी आजपासून ते स्प्रे बंद करावेत.

चौथी गोष्ट, जुनं पॉलिश कोणतं आहे ते ओळखा. दाराच्या मागच्या कोपऱ्यात, न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या बोळ्याने स्पिरिट लावा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचं, म्हणजे फ्रेंच पॉलिश. स्पिरिटने काही झालं नाही, तर थिनर लावून बघा. त्याने विरघळलं तर एन. सी. लॅकर. दोन्हीने काही झालं नाही तर मेलामाइन, पीयू किंवा तेलाचं वार्निश. दोन मिनिटांची ही परीक्षा आहे आणि त्यावरून पुढचं सगळं ठरतं. लाखेचं पॉलिश असेल तर ते स्पिरिटने पुन्हा मऊ होतं, त्यावरच नवं चढवता येतं. मेलामाइन किंवा पीयू धरून बसलेलं असेल, पापुद्रे नसतील, तर ते काढू नका. ३२० नंबरच्या पेपरने हलकं घासा, धूळ पुसा आणि त्याच जातीचे दोन हात द्या. खरवडून काढायचं ते फक्त जिथे सुटलंय तिथे.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण यात नुकसान भरून येत नाही. ते म्हणजे विनियर. दारावर जे सुंदर रेषांचं लाकूड दिसतं तो पातळ पापुद्रा असतो, बऱ्याचदा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. त्यावर मशिन चालवलं तर पाच सेकंदांत खालचा प्लाय दिसतो. मग काहीही करा, तो डाग राहणारच. आमच्या शेडमध्ये नियम होता की विनियरवर बेल्ट सँडर नाही. हाताने, लाकडी ठोकळ्याला पेपर गुंडाळून, रेषांच्या दिशेने. आधी १५०, मग २२०. कडांना तर पेपर लावायचाच नाही, नुसता फिरवायचा, कारण घासताना कड सगळ्यात आधी जाते. तेव्हा पॉलिशवाल्या मिस्त्रींनी मशिन आणलं तर प्रेमाने विचारा, "हे चौकटीसाठी ना? दारासाठी नाही ना?" चौकट भरीव सागाची आहे, तिला मशिन चालेल.

सहावी गोष्ट, काळे डाग. ओक आणि साग या लाकडांत टॅनिन असतं. लोखंडाचा स्क्रू, पाणी आणि टॅनिन एकत्र आलं की निळसर काळा डाग पडतो. पूर्वी शाई अशाच रसायनाने करत. हा डाग नुसता घासून जात नाही, खोल गेलेला असतो. धुलाईच्या ब्लीचनेही जात नाही. त्याला ऑक्झॅलिक ॲसिड लागतं. ते पावडर स्वरूपात मिळतं, प्लास्टिकच्या भांड्यात कोमट पाण्यात विरघळवायचं आणि ब्रशने लावायचं. डाग डोळ्यांदेखत फिकट होतो. नंतर स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा पुसून पूर्ण सुकू द्यायचं. पण हे विष आहे. हातमोजे आणि चष्मा हवाच, मुलांच्या हाताला लागता कामा नये आणि वाळलेली पावडर घासून उडवायची नाही. शिवाय बोटीचा मरीन प्लाय पाण्याला दाद देत नाही, आपल्या घरचा साधा प्लाय देतो. त्यामुळे दारावर पाणी बेताने.

याच कारणाने बोटीवर लोखंडी तारेचा काथ्या वापरत नाहीत. त्याचे बारीक तुकडे लाकडाच्या छिद्रांत अडकतात, गंजतात आणि महिन्याभराने काळे ठिपके उठतात. आपणही दाराला भांड्यांचा तारेचा काथ्या लावू नये. हिरवी घासणी चालते. आणि नवे स्क्रू, बिजागऱ्या बसवताना पितळेच्या किंवा स्टेनलेस स्टीलच्या घ्या.

सातवी गोष्ट, फिकट लाकूड फिकट कसं ठेवायचं. त्या ओकचं जुनं वार्निश काढलं तेव्हा खालून कोवळ्या गव्हासारखा रंग निघाला. थोरले भाऊ म्हणाले, "अरे, हे असं होतं?" तो रंग टिकवायचा तर वरून काय लावतो याला महत्त्व आहे. तेलाचं वार्निश लावल्या दिवसापासूनच थोडं पिवळसर असतं आणि वर्षागणिक पिवळं होत जातं. सागावर ते शोभतं, ॲश-मेपलवर नाही. पाण्यात मिसळणारं ॲक्रिलिक किंवा पीयू फिनिश पिवळं पडत नाही, वासही कमी. आम्ही पहिला हात पातळ दिला, सुकल्यावर ३२० ने हलकं घासलं, असे एकूण चार हात. पहिले तीन चकचकीत आणि शेवटचा फक्त मंद चमकेचा, ज्याला सॅटिन म्हणतात. सॅटिनमध्ये चमक मारणारी पावडर असते. त्याचेच चार थर दिले तर लाकडावर धुकं आल्यासारखं दिसतं. डबा वापरताना काडीने हळू ढवळायचा, कारण पावडर तळाशी बसते. हलवायचा नाही, बुडबुडे येतात.

आणि हे काम कधी करायचं? आपल्याकडे पावसाळ्यात हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. त्या हवेत लॅकर मारलं की ते पांढरं पडतं. म्हणून आम्ही पावसाळ्यात काढणं, धुणं, घासणं, दुरुस्ती करून घेतली आणि पॉलिश नोव्हेंबरमध्ये लावलं. दिवाळीच्या आधी पंधरा दिवस घाईघाईत पॉलिश उरकायची आपली सवय आहे. त्यापेक्षा दिवाळी होऊ द्या. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा पॉलिशचा खरा मोसम.

तसंच, जुलैत दार अडकतं म्हणून लगेच रंधा मारून घेऊ नका. लाकूड ओलाव्याने आडवं फुगतं, लांबीला जवळजवळ फुगत नाही. जुलैत मारलेला रंधा जानेवारीत फट बनून दिसतो. आधी दाराची वरची आणि खालची कड बघा. शंभरातल्या नव्वद दारांना तिथे पॉलिश लावलेलंच नसतं, कारण ती कड कोणाला दिसत नाही. पाणी तिथूनच चढतं. बोटीवर आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं होतं की फळीला सहा बाजू असतात आणि सहाही बंद करायच्या. दार उतरवाल तेव्हा एवढं जरूर करून घ्या.

बोटीतली आणखी एक युक्ती. ॲशच्या पट्ट्या अंगाला चिकटवून बसवत नाहीत, दोन पट्ट्यांत बोटभर फट ठेवतात. मागून हवा खेळते, बुरशी धरत नाही. कपाटांच्या दारांना झरोके किंवा वेताची जाळी असते तीही त्यासाठीच. आपण काय करतो? बाहेरच्या ओल्या भिंतीला कपाट टेकवून बसवतो आणि मग रेशमी साड्यांना वास येतो म्हणून डांबरगोळ्या टाकतो. कपाट भिंतीपासून दोन बोटं पुढे घ्या, मागच्या प्लायला वर-खाली चार भोकं पाडा. खर्च शून्य.

आता शेवटचा मुद्दा. यासाठी मला तुमची आणखी पाच मिनिटं हवी आहेत, कारण इथे दारापेक्षा मोठं काहीतरी पणाला लागलेलं आहे.

बोटीच्या केबिनमध्ये थिनर, स्पिरिट यांची वाफ हवेपेक्षा जड असल्याने खाली तळाशी साचते. वरून वास कमी येतो, माणसाला वाटतं हवा चांगली आहे. एक ठिणगी पडली की संपलं. म्हणून केबिनमध्ये पॉलिश चालू असताना बॅटरीची वायर काढून ठेवायची, गॅस बंद, विडी-काडी बंद. बंद फ्लॅटमध्ये यापेक्षा वेगळं काही नसतं. पॉलिश चालू असेल त्या दिवशी देवघरातली समई लावू नका, गॅस पेटवू नका, खिडक्या सताड उघड्या ठेवा. आणि जवसाच्या तेलाचे बोळे गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल सुकताना उष्णता बाहेर टाकतं. फडक्यांच्या ढिगात ती अडकते आणि काडी न लावता ढीग पेटतो. फडकी उघड्यावर एकेक पसरून वाळवा किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या डब्यात टाका.

आणि काम करणाऱ्या माणसाचं बघा. आमच्याकडे एक पॉलिशवाले होते. त्यांच्या हातासारखा हात मी पुन्हा पाहिला नाही. त्यांनी पॉलिश केलेल्या टेबलात तोंड दिसायचं. तीस वर्षं त्यांनी तोंडाला नुसता रुमाल बांधून स्प्रे मारला. आता एक जिना चढले की पायरीवर बसतात. दोन डब्यांच्या पीयूमधल्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, त्याने दमा होतो. मेलामाइनने डोळे चुरचुरतात ते त्यातून निघणाऱ्या फॉर्मल्डिहाइडमुळे. आणि लाकडाची बारीक धूळ कर्करोगाला कारण होते, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ सालीच नोंदवलेलं आहे. रुमालाने यातलं काहीही अडत नाही.

आपल्याकडे पॉलिशला येतात ती विशी-बाविशीची पोरं असतात. ठेकेदार त्यांना मास्क देत नाही, आपण विचारत नाही, घराला कुलूप लावून कामावर जातो. माझी समितीला हात जोडून विनंती आहे की आपल्या सोसायटीत पॉलिशचं काम होईल तेव्हा फिल्टर लागलेला मास्क, चष्मा आणि हातमोजे ही अट ठेकेदाराच्या कागदात लिहून घ्यावी. खर्चाचा आकडा वाढेल तो वाढू द्या.

मग दारं बदलायची की राखायची? माझं मत स्पष्ट सांगतो. ज्या चौकटी खालून कुजल्या आहेत किंवा ज्यांना वाळवी लागली आहे त्या बदलाव्यात. ज्या दारांचा प्लाय पाण्याने उकलला आहे ती बदलावीत. बाकी राखावीत. ती सागाची चौकट पंचवीस वर्षं आपल्याच हवेत मुरली आहे, जेवढी वाकायची तेवढी वाकून झाली आहे. आज बाजारात त्या दर्जाचा साग मागा आणि भाव ऐका. साग किती टिकतो याचा दाखला आपल्याच गावचा आहे. वाडिया घराण्याच्या कारागिरांनी मुंबईच्या गोदीत मलबारच्या सागाचं 'ट्रिंकोमाली' हे जहाज बांधलं, १८१७ साली. ते आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला पाण्यावर तरंगतं आहे आणि लोक ते बघायला जातात. अर्थात त्याची निगा राखली म्हणून.

जिथे विनियर पार गेलं आहे पण दार मजबूत आहे, तिथे ती हेरेशॉफ पद्धत वापरा. मधला भाग पांढऱ्या रंगाचा, कडेच्या पट्ट्या आणि चौकट पॉलिशच्या लाकडाची. त्या बोटीतही एक पडदी अशीच केली. धाकट्या भावाला सगळ्यात जास्त तीच आवडली.

सभेपुढे माझी एक सूचना आहे. ठराव करण्याआधी प्रत्येक विंगमधलं एक दार नमुना म्हणून धुऊन, तपासून, पॉलिश करून बघू. मी स्वतः मिस्त्रींबरोबर उभा राहीन. मग सगळ्यांनी मिळून ठरवू.

 

प्रश्नोत्तरे

प्रश्न : काका, आमच्या जेवणाच्या टेबलावर गरम भांड्याचं पांढरं वर्तुळ उमटलंय. पूर्ण टेबल घासावं लागेल का?

उत्तर : नाही ताई. वर्तुळ पांढरं असेल तर ओलावा पॉलिशच्या थरातच अडकलाय, लाकडापर्यंत गेलेला नाही. लाखेचं पॉलिश असेल तर फडक्याला अगदी किंचित स्पिरिट लावून हलक्या हाताने, न थांबता फिरवा. बहुतेक वेळा जातं. वर्तुळ काळं असेल तर मात्र पाणी लाकडात उतरलंय, त्याला मिस्त्री बोलवा.

प्रश्न : लाखेचं पॉलिश चांगलं की पीयू?

उत्तर : जागा बघा. लाख आपल्याच देशात कुसुम, पळस, बोर या झाडांवरच्या किड्यांपासून मिळते. दिसायला तिला तोड नाही आणि दुरुस्तीला सोपी. पण पाणी आणि उष्णता सोसत नाही. देव्हारा, शोकेस, जुनी पेटी यांना लाख. मुख्य दार, स्वयंपाकघर, जेवणाचं टेबल यांना पीयू.

प्रश्न : स्टीम बीचचं कपाट पिवळं पडलंय. पुन्हा मूळ रंगावर येईल का?

उत्तर : पिवळेपणा पॉलिशचा असेल तर ते काढल्यावर बराच येईल. पण लाकूड स्वतःही उजेडाने थोडं बदलतं. कपाटावर फोटो टांगला असेल तर तो काढून बघा, मागे वेगळा रंग दिसेल. एका कपाटाचं एकच दार करू नका, शेजारच्याशी जुळणार नाही. करायचं तर पूर्ण रांग करा.

प्रश्न : हे घरच्या घरी आम्हाला जमेल का?

उत्तर : धुणं, पॉलिश ओळखणं, हाताने घासणं आणि पाण्याचं फिनिश ब्रशने लावणं, एवढं नक्की जमेल. सुरुवात शूरॅकच्या दारापासून करा, मुख्य दारापासून नको. स्प्रे आणि दोन डब्यांचं पीयू मात्र जाणकारावर सोडा. आणि मुलांना हाताशी घ्या. एक दार स्वतः घासलेलं पोर त्यावर कंपासने नाव कोरत नाही.